पॉप-अपचा इतिहास : जाहिरातीपासून खोट्या पोलिसापर्यंत

“तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत. मशीन बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.” लालभडक स्क्रीन, कर्कश भोंगा आणि कोपऱ्यात मायक्रोसॉफ्टचं चिन्ह. घरी कॉम्प्युटर असलेल्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलंय. आपण म्हणतो, “व्हायरस आला.” पण बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. ते एक साधं वेब पान असतं, इशाऱ्याचं सोंग घेतलेलं. हे सोंग एका दिवसात उभं राहिलेलं नाही. त्याला तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की निम्मी भीती जाते.

सुरुवात अगदी साधी होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या अमेरिकन साइटवर पहिल्या बॅनर जाहिराती लागल्या. पुढे ट्रायपॉड नावाची एक कंपनी लोकांना फुकटात स्वतःची वेब पानं बनवू द्यायची आणि त्यावर जाहिराती दाखवायची. आता लोक आपल्या पानावर काय लिहितील याचा काय नेम? एका कार कंपनीची जाहिरात नेमकी अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी भडकली. मग ट्रायपॉडमधल्या ईथन झुकरमन यांनी तोड काढली : जाहिरात पानावर नकोच, तिच्यासाठी वेगळी छोटी खिडकी उघडायची. झाला पॉप-अपचा जन्म! २०१४ मध्ये झुकरमन यांनी ‘द अटलांटिक’मध्ये लेख लिहून याबद्दल जाहीर माफी मागितली. हेतू वाईट नव्हता, असं त्यांनी लिहिलं. खरंच नव्हता. पण त्या युक्तीने एक दार उघडलं : तुम्ही न मागता कुणीतरी तुमच्या स्क्रीनवर खिडकी उघडू शकतो.

दुसरा टप्पा आवाज चोरण्याचा. २००० च्या आसपास बॉन्झी नावाच्या कंपनीच्या जाहिराती हुबेहूब विंडोजच्या इशाऱ्यासारख्या दिसायच्या. तोच करडा चौकोन, तेच ‘ओके’चं बटण. मजकूर काय, तर तुमचा कॉम्प्युटर इंटरनेटवर आपला आयपी ॲड्रेस प्रसारित करतोय! अहो, नेटला जोडलेला प्रत्येक कॉम्प्युटर ते करतोच, त्याशिवाय पान उघडणारच नाही. म्हणजे वाक्य खरं आणि भीती खोटी. अमेरिकेत याविरुद्ध खटला झाला आणि २००३ मधल्या तडजोडीत कंपनीला अशा खिडकीवर ‘ही जाहिरात आहे’ असं लिहायचं कबूल करावं लागलं. याच कंपनीचं ते जांभळं माकड, बॉन्झी बडी, जुन्या सायबर कॅफेवाल्यांना आठवत असेल.

त्याच काळात ॲडवेअर घरात शिरलं. गेटर नावाचं प्रोग्रॅम पासवर्ड लक्षात ठेवायचं काम फुकट करायचं आणि बदल्यात दुसऱ्यांच्या साइटवर स्वतःच्या जाहिराती आणायचं. २००२ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्ससारखी वृत्तपत्रं त्याविरुद्ध कोर्टात गेली. आपल्याकडे ही साथ टूलबारच्या रूपाने आली. जावासारखं नामांकित सॉफ्टवेअर टाकतानाही सोबत आस्क टूलबारची टिक आधीच लावलेली असायची. आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत गेलो की ब्राउझरचा निम्मा भाग टूलबारांनी व्यापलेला!

मग दार बंद करायचे प्रयत्न झाले. ऑपेरा आणि मोझिलाने पॉप-अप रोखायची सोय आधीच दिली होती. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर ती इंटरनेट एक्सप्लोररमध्येही आली. प्रश्न सुटला असं वाटलं, पण धंद्याने फक्त वाट बदलली.

आता जाहिरात विकायच्या ऐवजी भीतीच विकायला सुरुवात झाली. विनफिक्सर, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांची खिडकी यायची, खोटं ‘स्कॅन’ चालायचं, शेकडो दोष सापडायचे आणि दुरुस्तीसाठी पैसे मागितले जायचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये यामागच्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीवर खटला भरला. दहा लाखांहून जास्त ग्राहक फसले होते. २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा निकाल दिला.

आणि इथून गोष्ट आपल्या दाराशी येते.

खोट्या खिडकीवर आता फोन नंबर आला. नंबर लावला की पलीकडे गोड बोलणारा ‘इंजिनिअर’. तो रिमोटचं सॉफ्टवेअर टाकायला लावतो आणि विंडोजमधला इव्हेंट व्ह्युअर उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतो. या खुणा अगदी ठणठणीत मशीनमध्येही असतात. नेटस्टॅट कमांड चालवून ‘फॉरेन ॲड्रेस’ असं लिहिलेला रकाना दाखवतो आणि म्हणतो, बघा, परदेशातले हॅकर! प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की पलीकडचा कॉम्प्युटर. या धंद्याची बरीच कॉल सेंटरं भारतात होती आणि आहेत. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून दिल्ली, गुरुग्राम, नोएडात छापे पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयच्या ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये ७६ ठिकाणी छापे पडले. त्यातली काही प्रकरणं नेमकी टेक सपोर्टच्या फसवणुकीची होती.

आपला महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले. तिथे पॉप-अप नव्हता, थेट फोन होता. अमेरिकन आयकर खात्याचा अधिकारी बोलतोय असं सांगून तिकडच्या लोकांना अटकेची भीती घातली जायची. सातशेहून जास्त तरुण कर्मचारी चौकशीसाठी ताब्यात घेतले गेले. त्या वेळी आपल्याकडे चर्चा झाली ती सूत्रधाराच्या महागड्या गाडीची. पलीकडे रडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची फारशी झाली नाही. ‘अमेरिकेतले श्रीमंत फसले, आपल्याला काय?’ असा सूर होता.

आपल्याला काय, ते नंतर कळलं. अधिकाऱ्याचा आवाज काढायचा, अटकेची भीती घालायची, फोन ठेवू द्यायचा नाही, हाच खेळ आता ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून आपल्याच निवृत्त शिक्षकांवर, बँकवाल्यांवर, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांवर खेळला जातोय. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना सांगावं लागलं की डिजिटल अटक असं कायद्यात काहीच नाही.

म्हणजे बघा : आधी खिडकी घुसवली, मग विंडोजचा आवाज चोरला, मग डॉक्टरचा, मग पोलिसाचा. मशीनमधली भोकं बुजत गेली तसा चोर माणसाकडे वळला. त्यामुळे नुसतं अँटिव्हायरस पुरत नाही. खिडकी नेमकी कुणाची, हे ओळखता यायला हवं.

त्यासाठी एवढं लक्षात ठेवा :

१. कुठलीही वेबसाइट तुमच्या मशीनमधले व्हायरस मोजू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो.

२. स्क्रीन अडकली तर एस्केप बटण दाबून धरा. नाहीच जमलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पानं ‘रिस्टोअर’ करू नका.

३. कोपऱ्यात सारखे इशारे येत असतील तर कधीतरी कुठल्या साइटला ‘अलाऊ’ केलेलं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि अनोळखी साइट काढून टाका. अनोळखी एक्स्टेन्शन्सही काढा.

४. रिमोट दिला असेल तर आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

आणखी एक. घरातलं कुणी फसलं तर “एवढं कसं कळलं नाही?” असं विचारू नका. त्या लाजेपोटीच लोक तक्रार करत नाहीत आणि चोरांना हवा तो वेळ मिळतो. या रविवारी आई-बाबांच्या कॉम्प्युटरजवळ दहा मिनिटं बसा, ती नोटिफिकेशनची यादी त्यांच्यासोबत साफ करा आणि १९३० हा नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवा.