शिक्का चुकलेलं तिकीट

आलेल्या पाकिटावरचं तिकीट शिक्क्यातून सुटलेलं दिसलं की घरातलं कुणीतरी पाण्याची वाटी शोधायला लागतं. तिकिटाभोवतीचा कागद कातरायचा, पाण्यात सोडायचा, तिकीट सुटं झालं की वर्तमानपत्रावर पालथं वाळत घालायचं. मूळचा गोंद वाटीतच राहतो, म्हणून पुढच्या पाकिटाला भाताचं शीत. कार्डावर नि अंतर्देशीयावर ही करामत चालत नाही. तिथं तिकीट छापूनच आलेलं. एरवी कुणाची पैही न बुडवणारी माणसंही हे बिनघोर करतात. तिकीट कोरं आहे ना, मग झालं!

या वाटीची धास्ती टपालखात्यानं पहिल्या तिकिटापासूनच घेतली. मे 1840 मध्ये इंग्लंडात काळं पेनी तिकीट निघालं आणि त्यावर लाल शाईचा फुलीसारखा ठसा मारायचं ठरलं. काळ्यावर लाल धड दिसेना, आणि ती शाई पुसूनही निघे. मग वर्षाच्या आत उलटापालट झाली: 1841 मध्ये तिकीट तांबडं आणि शाई काळी. तरी लोक हटले नाहीत. दोन वापरलेल्या तिकिटांचे शिक्का न लागलेले भाग जोडून एक अखंड तिकीट करता येई. त्यावर तोड म्हणून 1858 पासून दोन पेनीच्या आणि 1864 पासून एक पेनीच्या तिकिटाच्या चारही कोपऱ्यांत जुळणारी अक्षरं आली. जोड लावला की अक्षरं चुगली करणार. अमेरिकेनं 1867 मध्ये तिकिटाच्या कागदालाच बारीक टोचे पाडले, म्हणजे शाई आत मुरेल. पुढं इंग्लंडात अशा कच्च्या रंगात तिकिटं छापली की शिक्का धुवायला गेलं तर तिकिटाचाच रंग सुटावा. एवढी अक्कल लढवली ती धुणाऱ्यांशी. ज्या तिकिटावर शिक्का पडलाच नाही, त्याला यातलं काहीच लागू पडत नव्हतं.

आपल्याकडे सिंधमध्ये 1852 साली आणि देशभर 1854 साली तिकिटं आली. हैदराबाद संस्थानात, अफजलपूर तालुक्यातल्या करजगीच्या बाजूला मात्र सरकार निजामाचं आणि 1869 पासून तिकिटंही निजामाची. ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. निजामाचं एखादं तिकीट शिक्क्यातून वाचलं, तरी गुलबर्ग्याच्या पत्रावर त्याचा उपयोग. हद्दीपलीकडच्या, जवळच्याच अक्कलकोटाला किंवा सोलापूरला पत्र धाडायचं तर ते तिकीट म्हणजे नुसतं चित्र. 1950 मध्ये संस्थानाचं टपाल भारताच्या टपालात विलीन झालं आणि हा भेद मिटला. त्याच वर्षी अंतर्देशीय पत्रंही निघाली आणि वाटीचं काम कमी झालं.

कायदा या बाबतीत शाईपेक्षा हुशार निघाला. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या दंडसंहितेचं 262 वं कलम शिक्क्याचं नावच काढत नसे. आधी वापरलेलं आहे हे ठाऊक असून, सरकारला फसवायच्या किंवा नुकसानीत घालायच्या हेतूनं सरकारी तिकीट पुन्हा वापरलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद. शिक्का खोडणाऱ्याला पुढचं कलम, तिथं तीन वर्षं. म्हणजे तिकीट ‘वापरलं’ जातं ते पत्र गेलं म्हणून; ठसा ही त्याची नुसती नोंद. नोंद करायला कारकून चुकला, तरी पत्र पोचलेलंच असतं. आपण मात्र तिकिटाकडे नाण्यासारखं बघतो, हातात आहे तोवर चालणारं. खरं तर ते एका खेपेचं भाडं. एसटीचं तिकीट कंडक्टर टोचून देई तेव्हा, टोचायचं राहिलं म्हणून ते परतीच्या गाडीत कुणी दाखवत नसे.

निघताना सुटलेला शिक्का पोचवणाऱ्या कचेरीनं मारावा, अशी रीत आहे. तिथं ठसा हाताशी नसला की पेन चालतो. तिकिटावर आडवीतिडवी ओढलेली ती बॉलपेनची रेघ संग्राहकांना बघवत नाही, आणि तिकीट कितीही वेळ वाटीत ठेवलं तरी ती निघत नाही.