नाशिकहून राबईला

नाशिकच्या शरणपूर रोडवरून मी तीस-बत्तीस वर्षे ये-जा करतो आहे. आधी नोकरीसाठी, आता सवयीने. या रस्त्याला हे नाव का, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता. मी कॉमर्सचा पदवीधर. उमर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. इतिहासाकडे वळलो तो एका जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘नासिक बॉईज’ असा उल्लेख वाचून, आणि ही नाशिकची मुले आफ्रिकन होती हे कळल्यावर मग थांबता आले नाही.

चार-पाच वर्षे वाचन झाल्यावर एका वाचनालयात माझे व्याख्यान ठेवले गेले. विषय मीच दिला होता : ‘नाशिकने घडवलेले आफ्रिकन’. लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या पोटातून समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत आपल्या शरणपूरचा विद्यार्थी होता, हे सांगताना माझा आवाज जरा चढलाही असेल. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या आणि म्हणाल्या, “ही मुलं आपल्या घरी परत गेली असं तुम्ही दोनदा म्हणालात. घर कुठलं? त्यांचं गाव त्यांना सापडलं का?” मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबते ब्रिटिश आरमार समुद्रात पकडत असे. सुटका झालेल्या मुलामुलींना उतरवायचे कुठे, हा आरमारापुढचा रोकडा प्रश्न होता, आणि मुंबई हे सोयीचे बंदर होते. मुंबईत चर्च मिशनरी सोसायटीचे जर्मन मिशनरी इझेनबर्ग यांनी अशा काही मुलांना आश्रय दिला. नाशिकला विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर ख्रिस्ती वसाहत उभारली होती, ती शरणपूर. पुढे आफ्रिकन मुलांचा आश्रम तिथेच आला. मुले इंग्रजी शिकत, सुतारकाम आणि लोहारकाम शिकत. बाप्तिस्म्याबरोबर नवी नावे मिळत : जोन्स, सेमलर, डेव्हिड, वेनराइट. आईबापांनी ठेवलेली नावे बहुतेकांच्या बाबतीत कागदावर उरलीच नाहीत.

व्याख्यानातला माझा नायक जेकब वेनराइट होता. १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मदतीला गेलेल्या नाशिकच्या तुकडीतला तो. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याने झाडावर नाव-तारीख कोरली आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनाला हजर राहिला. ही गोष्ट जगाला ठाऊक आहे, कारण तिच्या मध्यभागी एक प्रसिद्ध गोरा माणूस आहे. शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाने मला दुसरीकडे नेले. वेनराइटच्या आठ वर्षे आधी, १८६४ मध्ये, इथून काही तरुण आपापल्या बायकांसह मोंबासाजवळच्या राबई नावाच्या खेड्यात गेले होते. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर. त्यांच्या बायकाही मूळच्या आफ्रिकेतल्या आणि मिशनच्याच छायेत वाढलेल्या. आपल्याकडे ‘मिशनरी जोडपे’ म्हटले की पांढरी टोपी आणि लांब झग्यातली मडम डोळ्यांपुढे येते. केनियाच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांत पायी हिंडून चर्चे बांधणारी सुरुवातीची जोडपी मात्र अशी मुंबई-नाशिकहून गेलेली काळी जोडपी होती.

राबई मोंबासा बेटाच्या मागे, टेकड्यांवर आहे. क्राफ १८४४ मध्ये मोंबासाला पोहोचले. पहिल्या काही महिन्यांतच त्यांची पत्नी आणि नुकती जन्मलेली मुलगी गेली. १८४६ मध्ये रेबमान आले आणि २९ वर्षे राहिले. मधल्या काळात एकदाही युरोपला परतले नाहीत. किलिमांजारोवरचे बर्फ पाहिल्याचे १८४८ मध्ये त्यांनी कळवले, तेव्हा विषुववृत्ताजवळ बर्फ कसे असेल म्हणून लंडनच्या विद्वानांनी त्यांची थट्टा केली होती. धर्मप्रसाराचा ताळेबंद मात्र कोरडाच राहिला. पंचवीसेक वर्षांनंतरही ख्रिस्ती झालेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

भोवतालच्या मुलखाला किनाऱ्यावरचे लोक ‘न्यिका’ म्हणत, म्हणजे काटेरी झुडपांचे रान. तिथल्या लोकांनाही तेच नाव चिकटले होते. आज ते स्वतःला मिजिकेंडा म्हणवतात. त्यांच्या ‘काया’, म्हणजे देवरायांनी वेढलेल्या जुन्या वस्त्या, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. देवराई, नारळाची झाडे, झाडाला मडके बांधून काढलेली माडी : कोकणातल्या माणसाला राबई फारशी परकी वाटू नये. जोन्स यांना मात्र ती परकी होती. ते मूळचे याओ, म्हणजे न्यासा सरोवराकडच्या मुलखातले. तो मुलूख राबईपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर. भाषा वेगळी, रीतभात वेगळी. ‘आफ्रिकेत परत गेले’ हे माझे वाक्य नकाशावर मोजले असते तर मला ते उच्चारायचे धाडस झाले नसते. लहानपणी रत्नागिरीहून पळवलेल्या मुलाला मोठेपणी बंगालात नेऊन सोडले आणि म्हटले, हा बघ तुझा देश, त्यातलाच हा प्रकार.

या जोडप्यांकडे राबईच्या शाळेइतकेच भोवतालच्या खेड्यांचे काम होते. उत्तरेला गिरियामा लोकांचा प्रदेश आहे. तिथे गोडोमा नावाच्या गावी एक गोष्ट घडली होती, जिच्यात मिशनरी जवळजवळ नव्हतेच. आबे न्गोआ नावाचा एक गिरियामा गृहस्थ रेबमान यांच्याकडून ख्रिस्ताची शिकवण ऐकून आपल्या गावी गेला आणि स्वतःच इतरांना सांगू लागला. (‘आबे’ म्हणजे बाप. न्गोआचा बाप. अपत्याच्या नावाने बापाला ओळखण्याची ही रीत.) ना देऊळ, ना पाद्री. ठरल्या दिवशी माणसे जमत. जॉर्ज डेव्हिड राबईहून तिथे जाऊ लागले तेव्हा त्यांना काही नवे पेरायचे नव्हते. उगवलेले होते त्याला पाणी घालायचे होते.

आणि इथे मला एक दुवा सापडला, ज्याने मी दोन रात्री नीट झोपलो नाही. त्या काळी त्या भाषेत छापलेले वाचायला जे मोजके होते त्यात लूकचे शुभवर्तमान होते. क्राफ यांनी केलेले ते भाषांतर १८४८ मध्ये छापले गेले ते मुंबईत, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक खिळे पाडले आणि इथेच उमेदवारी करून जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर उभा केला. ज्या हातांनी मराठी मुद्रणाला वळण लावले त्यांच्या शेजारच्या खणांतले रोमन खिळे जुळवून न्यिका भाषेतले ते पुस्तक तयार झाले होते. आपल्या मुद्रणाच्या इतिहासांत या पुस्तकाची दखल माझ्या तरी वाचनात आली नाही.

खेड्यावरची भेट म्हणजे काय, हे आज कल्पनेने उभे करावे लागते, पण फार कल्पना लढवावी लागत नाही. वाट पायी, पाणी कमी, मसाईंच्या धाडींची धास्ती. गावात गेल्यावर आधी वडीलधाऱ्यांची भेट आणि विचारपूस, मग झाडाखाली वाचन, प्रश्नोत्तरे, आजाऱ्यांकडे फेरी. सोसायटीच्या यादीत मिशनरी म्हणून मोजला जाई तो नवरा. बायकोचा उल्लेख ‘पत्नीसह’ एवढ्यावर संपे. पण शिवण-टिपण, मुलींची अक्षरओळख, बायकांशी बोलणे हे काम मिशनच्या वसाहतींतून बायकांवरच असे. ज्या स्त्रीला लहानपणी स्वतःच्या आईपासून तोडून नेले होते ती परक्या गावातल्या आयांसमोर बसून काय बोलत असेल, असे मनात येते.

या गावांत आणखी एक वर्ग येऊन मिळत होता. सर बार्टल फ्रेर, आपले मुंबईचे माजी गव्हर्नर, १८७३ मध्ये झांझिबारला गेले. त्यांच्या खटपटीनंतर त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुलतानाने समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार आणि गुलामांचे बाजार बंद करण्याच्या करारावर सही केली. १८७५ मध्ये मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी वसाहत उभी राहिली, तिचे नाव फ्रेर टाउन. ती वसवायला प्राइसच नाशिकहून परिचयाचे म्हणून पाठवले गेले आणि शरणपूरच्या आश्रमातले दीडशेच्या आसपास आफ्रिकन तिकडे हलवले गेले. पण कराराने बाजार बंद झाला तरी ज्याच्याकडे गुलाम होता त्याची मालकी तशीच राहिली. किनाऱ्यावर ती कायद्याने संपायला १९०७ साल उजाडावे लागले. मळ्यांतून पळालेली माणसे म्हणून मग रानातल्या या ख्रिस्ती गावांकडे धावू लागली. फुलाडोयो नावाचे गिरियामा ख्रिस्त्यांचे गाव तर अशा पळून आलेल्यांनी भरले. त्यावरून पेटलेल्या वैरात १८८३ मध्ये तिथला पुढारी डेव्हिड कोई मारला गेला.

सोसायटीची अधिकृत भूमिका अशी : पळालेल्या गुलामाला आसरा देऊ नये, कारण तो कायद्याने कुणाचा तरी आहे, आणि धनी चिडले तर मिशनच धोक्यात येईल. हिशेबी माणूस म्हणून मला ही भूमिका कळते. राबईचा कारभार मात्र जोन्स यांच्या हाती होता. रात्री अंगावर वळ घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला, ‘तू अमक्याची मालमत्ता, परत जा’, हे सांगायचे कुणी? जो स्वतः एकेकाळी विकला गेला होता, त्याने? राबई भरत गेली. लोकांनी झोपड्या बांधल्या, शेती केली, रविवारी चर्चला येऊ लागले.

मधे १८८५ साल येते. त्या वर्षी ३१ मे रोजी बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकनची दीक्षा दिली आणि जुलैत जोन्सना बरोबर घेऊन युगांडाच्या वाटेला लागले. सुमारे दोनशे हमाल होते. व्हिक्टोरिया सरोवराच्या अलीकडे तांड्याचा मोठा भाग जोन्स यांच्या हवाली करून बिशप पन्नासेक माणसांनिशी पुढे गेले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बुसोगात मारले गेले. पुढे गेलेल्यांपैकी जेमतेम चौघे परतले. जोन्स तरीही महिनाभर तिथेच वाट पाहत थांबले. बातमी खोटी ठरेल ही आशा सुटल्यावर उरलेली माणसे घेऊन त्यांनी शेकडो मैलांची परतीची वाट धरली आणि ४ फेब्रुवारी १८८६ रोजी राबई गाठली. तांड्याच्या पुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘इखाबोद’, म्हणजे ‘वैभव निघून गेले’, हा बायबलमधला एक शब्द. सामोऱ्या आलेल्या बायकांचा आक्रोश सुरू झाला. हॅनिंग्टन यांचे चरित्र दोन वर्षांच्या आत निघाले आणि खूप खपले. शेवटच्या प्रवासाची बरीचशी माहिती जोन्स यांच्या रोजनिशीवर बेतलेली आहे.

१८८८ मध्ये गुलामांच्या धन्यांचा संताप टोकाला गेला. मोजदाद झाली तेव्हा मिशनच्या निरनिराळ्या ठाण्यांवर पळून आलेले सुमारे १,४०० लोक निघाले, आणि त्यांतले सर्वांत जास्त राबईत. प्राइस तेव्हा तिसऱ्यांदा आफ्रिकेत आले होते. त्यांनी त्या काळाची हकीगत १८९० मध्ये छापली, त्यात त्यांना बसलेला धक्का लपत नाही. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झी यांनी धन्यांना माणशी २५ डॉलर भरपाई देऊन प्रश्न मिटवला. १ जानेवारी १८८९ रोजी राबईत मुक्ततेचे दाखले वाटले गेले. मी आयुष्यभर पावत्या पाहिल्या, पण माणसाच्या किमतीच्या खात्यावर ‘बेबाक’ असा शेरा पडलेला हा एकच व्यवहार.

श्रेय मॅकेन्झी आणि कंपनीला मिळाले. नियम मोडून त्या माणसांना इतकी वर्षे जगवले त्यांचे काय झाले? १८९०च्या दशकात विद्यापीठांतून शिकलेले तरुण इंग्रज मिशनरी आले. त्यांना हे नाशिकवाले फार स्वतंत्र, फार इंग्रजी बोलणारे वाटले. पगारात आणि वागणुकीत भेद होताच, तो आता बोचू लागला. तीन दशके काम केलेले जोन्स त्या दशकाच्या उत्तरार्धात सोसायटीपासून दुरावले.

हे वाचून झाल्यावर मी माझ्या जुन्या व्याख्यानाचे टिपण काढले. मजकूर फारसा चुकीचा नव्हता. पण माझ्याच अक्षरांत ‘प्राइस गेले’, ‘रेबमान म्हणाले’ असे होते, आणि ‘जोन्स गेला’, ‘डेव्हिड म्हणाला’. एकही अपवाद नाही. हे मला कुणी शिकवले नव्हते. या लेखातही वेनराइट यांच्याबद्दल वर ‘त्याने’ कोरले असेच लिहून गेलो आहे. ते मुद्दाम खोडलेले नाही.

शिक्षिकाबाईंना मी पत्र लिहिले. जोन्स यांचे पहिले गाव त्यांना मिळाले नाही, पुढे राबई आणि भोवतालची खेडी हेच त्यांचे झाले, असे कळवले. त्यांचे उत्तर पोस्टकार्डावर आले : “म्हणजे गाव सापडलं नाही, करावं लागलं. आणि त्यांच्या बायकोला?”