मोडी, माया आणि न वाचता काढलेली अक्षरं

मोडी लिपी तुम्ही शेवटची कुठे पाहिलीत? टी-शर्टवर, एखाद्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, की कुणाच्या दिवाणखान्यातल्या फ्रेममध्ये? बहुतेकांनी ती अशीच, चित्र म्हणून पाहिलेली असते. वाचलेली नसते. माझं पीएचडीचं काम मोडी कागदपत्रांवर आहे, त्यामुळे मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो: न वाचता नुसती अक्षरं रंगवण्यात काय अर्थ आहे?

अर्थ आहे, आणि तो समजायला आपण थोडं लांब, मध्य अमेरिकेत जाऊन येऊ.

मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वाटेमाला, होंडुरास या पट्ट्यातल्या माया लोकांची स्वतःची चित्रलिपी होती. १५६२ मध्ये मानी या गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने त्यांच्या पोथ्या जाळल्या. आज जगात फक्त चार माया पोथ्या उरल्या आहेत. पुढे लिपी वाचणारंच कोणी राहिलं नाही. १८३९ मध्ये फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार तिथल्या जंगलात पोचला. त्याला एकही चिन्ह वाचता येत नव्हतं. पण शिळांवर जे दिसलं ते त्याने जसंच्या तसं कागदावर उतरवलं, आणि ती चित्रं पुस्तकातून जगभर गेली.

आधी उलगडली ती कालगणना. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच. २६० दिवसांचं एक चक्र, ३६५ दिवसांचं दुसरं, आणि दोन्ही ५२ वर्षांनी पुन्हा जुळतात. आपल्याकडे प्रभव संवत्सर ६० वर्षांनी परत येतो, तसंच काहीसं. पण मग झालं असं, की शिळांवर फक्त तारखा आणि ग्रहगोल आहेत असा अभ्यासकांचा समज होऊन बसला. एरिक थॉम्पसनसारख्या मोठ्या विद्वानाचंही हेच मत होतं. त्याच काळात अमेरिकेत माया नक्षी फॅशनमध्ये आली. फ्रँक लॉइड राइटने १९२४ मध्ये लॉस एंजेलिसला बांधलेलं एनिस हाउस बघा. भिंतभर माया वळणाची नक्षी, पण वाचण्यासारखं काही नाही.

कोंडी फुटली १९५२ मध्ये. ही चिन्हं उच्चारही दाखवतात, असं रशियातल्या युरी क्नोरोझोव्हने मांडलं. नंतर १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोफ यांनी पिएद्रास नेग्रास इथल्या शिळांच्या तारखा गटागटाने मांडल्या, तर प्रत्येक गट एका माणसाच्या आयुष्यात बसत होता. म्हणजे तो नुसता पंचांगाचा हिशेब नव्हता, राजांचा इतिहास होता! या बाई मूळच्या आर्किटेक्ट. त्या पडझड झालेल्या वास्तूंची चित्रं काढायला तिथे गेल्या होत्या. आज माया समाजातले तरुण आणि कलाकार ही चिन्हं शिकून पुन्हा आपल्या भाषेत लिहू लागले आहेत.

आता मोडीकडे येऊ. छपाई बाळबोधीत होऊ लागली, १९५० नंतर शाळा आणि कचेऱ्यांतूनही मोडी गेली, आणि एकदोन पिढ्यांत वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. १९८०च्या दशकात सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीवर संशोधन केलं आणि मोडी व देवनागरीच्या मेळातून ‘मुक्तलिपी’ घडवली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मोडी लोकांच्या नजरेसमोर राहिली, यात अशा कलाकारांचा वाटा मोठा आहे.

शिवाय हाताने काढून पाहिल्याचा वाचायलाही उपयोग होतो. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात, मग तिला अक्षरं लटकवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. त्यामुळे एक अक्षर कुठे संपलं आणि पुढचं कुठे सुरू झालं, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. टाक धरून चार पानं गिरवलीत, की कळू लागतं.

पण नुसतं गिरवून भागणार नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा आठवतं ना, सरकारी दप्तरांसमोर मोडी वाचकांची शोधाशोध झाली होती. कागद होते, वाचणारे कमी होते. एका नोंदीवर घरच्या मुलांचा दाखला अडलेला असताना ती लिपी किती देखणी आहे, याने काय फरक पडतो?

म्हणून पिंपळगाव राजातल्या, खामगावातल्या आणि इतरही वाचकांना एक सांगणं आहे. घरच्या जुन्या पेटीत मोडी कागद सापडला तर रद्दीत घालू नका, लॅमिनेशनही करू नका. उजेडात त्याचा नीट फोटो काढून ठेवा. ते खरेदीखत असेल, गहाणखत असेल, नाहीतर पणजोबांचा उधारीचा हिशेब. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग भरतात, घरातल्या एकाने तरी शिकून घ्या. माया शिळा कॅथरवुडच्या चित्रांनंतर वाचल्या जायला शंभरावर वर्षं लागली, कारण शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. आपल्याकडे शिकवणारे अजून आहेत.