कारवान: धाव आणि रंग

खेड्यात कुत्र्याचे नाव पुष्कळदा रंगावरूनच पडते: काळू, बांड्या, वाघ्या. पण दख्खनच्या कोरड्या माळावर कारवान पाळणाऱ्यांनी पैदाशीत रंगाला फारसे महत्त्व दिले नाही. कुत्रा ससा गाठतो की नाही, हीच कसोटी होती. म्हणूनच या एका जातीत काळा, पांढरा, बदामी, बांडा असे नाना रंग टिकून राहिले.

बारामती-इंदापूरचा माळ मात्र टिकला नाही. 1885 च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागले आणि पुढे उसाने शिवार व्यापले. उसाच्या फडात लांब धावेच्या कुत्र्याला वाव कुठला? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवरही बंधन आले. कायदा योग्यच होता. पण ज्या कसोटीने ही जात घडली, तीच त्याबरोबर उठली.

तोवर नावही दुहेरी झाले होते. मुधोळच्या घोरपडे राजांनी पंचम जॉर्ज यांना कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत मात्र ‘कारवान’च राहिले. नोंदीबरोबर दिसण्याचे मापही आले. त्यात गुळगुळीत अंग प्रमाण ठरले आणि कानाशेपटीला झालर असलेला पश्मी बाजूला पडला.

वास्तविक कुत्र्यांत लांब केसांचा गुण सुप्त राहू शकतो. त्यामुळे दोन गुळगुळीत कारवानांच्या पोटीही एखादे झालरीचे पिल्लू जन्मते.