रस्ता, फिल्म आणि ‘हुबेहूब’पणाचे गृहीतक

मराठी समीक्षेत ‘छायाचित्रणात्मक’ हे विशेषण पुष्कळदा उणेपणा दाखवण्यासाठी योजले गेले आहे. लेखक निवड करतो, कॅमेरा केवळ नोंद करतो, हे त्यामागचे गृहीतक. ग्रामीण जीवनाच्या वास्तववादी चित्रणाची चर्चा करताना ते विशेष प्रभावी ठरते. रस्त्यावर फिल्मने केलेल्या छायाचित्रणाच्या इतिहासाशी मात्र ते जुळत नाही. सातारा-सांगलीच्या संदर्भात ही विसंगती अधिक स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओल्या कोलोडियनच्या काचपट्टीवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे. त्या अवधीत चालता माणूस पुसट होई किंवा उमटतच नसे. म्हणून माणसाला थांबवून, उभे करून चित्र घेतले जाई. ‘द पीपल ऑफ इंडिया’ (१८६८-७५) ह्या आठ खंडांच्या प्रकल्पात अशा चित्रांखाली बहुधा जातिजमातीचे नाव येते. तंत्राची मर्यादा आणि वसाहतवादी वर्गीकरण येथे परस्परांना पूरक ठरले. व्यक्ती ‘नमुना’ झाली.

१९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने, म्हणजे पस्तीस मिलिमीटर फिल्मने, चालता माणूस टिपणे अधिक सुलभ केले. आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात छायाचित्रे घेत होता. त्याच्या १९५२ च्या ग्रंथाचे इंग्रजी शीर्षक ‘निर्णायक क्षणा’चे आहे. मूळ फ्रेंच शीर्षकातील शब्दप्रयोग मात्र पोलिसांची चाहूल लागताच माल गुंडाळणाऱ्या फेरीवाल्याच्या व्यवहारातला आहे. एका शीर्षकात छायाचित्रकार क्षणाचा स्वामी आहे, तर दुसऱ्यात तो रस्त्यावरचाच एक घाईतला, काहीसा चोरटा माणूस. आपल्याकडे हे साधन उशिरा आणि तुटपुंजे पोचले. अगफा क्लिक-थ्रीमध्ये १२० फिल्मच्या एका गुंडाळीवर बाराच चित्रे निघत. बाराच संधी असलेला माणूस निवड करत नाही, असे कसे म्हणता येईल?

निवड केवळ डोळ्याची नसते, रसायनाचीही असते. सांगलीची पेठ हळदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देणाऱ्या आरंभीच्या काचपट्टीवर हळदीची रास जवळजवळ काळी उमटली असती. पॅनक्रोमॅटिक कृष्णधवल फिल्मवर तीच रास फिकट करडी दिसते. यांपैकी ‘हुबेहूब’ कोणती? रोलाँ बार्थने १९६१ साली छायाचित्राला संकेताविना संदेश म्हटले होते. हळदीची ही दोन रूपे सांगतात की दृश्य कागदावर येण्यापूर्वीच एक संकेतव्यवस्था कार्यरत झालेली असते.

तरीही साहित्य आणि छायाचित्र यांतील भेद नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. दोन दिवसांच्या फेरीत साताऱ्याच्या मोती चौकात एखादा पागोटेवाला टिपणाऱ्या प्रवाशाजवळ कौशल्य असते, त्या माणसाचे नाव नसते. फिल्म धुऊन ठसा हाती येईपर्यंत तो माणूस गर्दीत निघून गेलेला असतो. मागे उरते ते पागोटे, म्हणजे पुन्हा ‘नमुना’. १८६८ चा धोका तंत्र बदलूनही टळत नाही.

ह्या ठिकाणी व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ आठवणे उचित ठरते. १९४९ साली हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. माडगूळकरांचे माडगूळ हे गाव आज ह्याच जिल्ह्यात आहे. पुस्तकातील ‘धर्मा रामोशी’ ह्या शीर्षकात जातीची चिठ्ठी शाबूत आहे, पण तिच्यापूर्वी धर्मा आहे. वसाहतकालीन चित्रतळीच्या ओळीत नेमका हाच शब्द बहुधा गाळलेला असे. तो लेखकाच्या हाती आला तो अधिक निवडक दृष्टीमुळे नव्हे, त्या माणसांत वाढल्यामुळे.

म्हणून ‘छायाचित्रणात्मक’ ह्या विशेषणाने दोष दाखवायचाच असेल, तर तो निवडीच्या अभावाचा नसावा, ओळखीच्या अभावाचा असावा. असा दोष शब्दांतही संभवतो. गावाकडे सहलीला गेलेली कथा मराठीत दुर्मिळ नाही. लेखकाने काय वगळले, ह्याबरोबरच तो तेथे किती काळ थांबला, हेही समीक्षेने विचारले पाहिजे.