लखोटा आणि मोर्तब

जुन्या काळी जासूद थैली घेऊन निघे, तेव्हा आतल्या पत्राला दोन गोष्टींचा आधार असे: लखोट्याचा आणि मोर्तबाचा. लखोटा मजकूर झाकी; पत्र खरोखर कोणाचे, हे मोर्तब सांगे. संगणकांच्या जाळ्यावरून पत्रे व कागद धाडण्याची विद्या जन्मास आली, तेव्हा तिच्यापाशी या दोहोंपैकी एकही वस्तू नव्हती. ती कशी मिळाली, हे पाहण्यासारखे आहे.

१९७१ च्या एप्रिलमध्ये अभय भूषण यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल पाठवण्याचे नियम लिहिले. हे गृहस्थ कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर. त्या वेळी ते अमेरिकेत एमआयटीत होते. एफटीपी ती हीच. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेलच्या वाहतुकीचे एसएमटीपी हे नियम सिद्ध केले. दोन्हींत मजकूर उघडा जाई. एफटीपीत तर परवलीचा शब्दसुद्धा उघडाच. याबद्दल या मंडळींना दोष देणे अन्यायाचे होईल. त्या वेळचे जाळे म्हणजे विद्यापीठांची व संशोधनसंस्थांची एक लहानशी आळी होती, आणि ओळखीच्या आळीत दाराला कोणी कुलूप लावीत नाही.

गुप्तलेखनाची कला प्राचीन आहे. अडचण असे ती किल्लीची. ज्याची कधी भेटच नाही त्याला किल्ली पोचवावी कशी? १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी उत्तर दिले. दोघांनी एकेक संख्या मनात ठेवावी, तिचा घात म्हणून वापर करावा आणि भागाकाराची बाकी तेवढी चव्हाट्यावर सांगावी. दुसऱ्याची बाकी आणि आपली गुप्त संख्या यांवरून दोघांनाही एकच किल्ली मिळते. संख्या पुरेशा मोठ्या असल्या, तर ऐकणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी मोर्तबाचेही गणित दिले. गंमत अशी की, ब्रिटनच्या गुप्त खात्यात एलिस, कॉक्स व विल्यमसन यांनी हीच तत्त्वे १९७० ते १९७४ च्या दरम्यान शोधली होती. जगाला ते कळले १९९७ मध्ये! दप्तरात कोंडलेली विद्या कोणाच्या उपयोगी पडणार?

विद्या होती, पण ती व्यवहारात उतरली ती ठेच लागल्यावर. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी परवलीचे शब्द टिपून घेतले. तेथील संशोधक टाटू युलोनेन यांनी त्यावर एसएसएच रचले व जुलैत ते सर्वांना खुले केले. त्याला २२ क्रमांकाचे दार मिळाले. एफटीपीचे २१ आणि टेलनेटचे २३, बरोबर या दोन उघड्या दारांच्या मधले. ईमेलला असे कवच १९९९ मध्ये स्टार्टटीएलएस या नियमाने लाभले. संभाषण उघड सुरू व्हायचे आणि दोघांना जमत असेल तर तेथून पुढे झाकायचे, अशी ही तडजोड होती. तीत एक छिद्र राहिले. ‘मला झाकता येते’ हे वाक्यच मधल्या माणसाने गाळले, तर पत्र निमूटपणे उघडे जाई.

सरकारांची भूमिकाही ध्यानात ठेवली पाहिजे. १९९० च्या दशकात अमेरिकेने सबळ गुप्तलेखनाच्या निर्यातीवर बंधने घातली. परदेशासाठी मुद्दाम दुबळी कुलुपे घडवली गेली. बंधने सैल झाली, पण ती कुलुपे यंत्रांत तशीच पडून राहिली. २०१५ मध्ये ‘फ्रीक’ या नावाने गाजलेल्या दोषातून दिसले की, त्यांच्या आधारे नव्या दारांतूनही आत शिरता येते. शेजाऱ्यासाठी केलेले कच्चे कुलूप वीस वर्षांनी आपल्याच घरी उघडले!

त्याच वर्षी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने संगणकांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे फुकट देण्यास आरंभ केला, आणि मोर्तब सामान्यांच्या आवाक्यात आले. तथापि एक गोष्ट विसरू नये. हे कवच वाटेपुरते आहे. प्रत्येक चौकीवर, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर, ते उतरते आणि पत्र तेथे वाचता येते. वाट सुरक्षित झाली. चौकीदार विश्वासाचा आहे की नाही, हा प्रश्न गणिताने सुटलेला नाही. तो विचारीत राहणे हे नागरिकांचेच काम आहे.