तापीचा गाळ आणि सुरतेचा ऱ्हास

सुरत बंदराच्या ऱ्हासाचे खापर तापीच्या गाळावर फोडले जाते. ते पटण्याजोगे नाही. नदीमुखाशी वाळूचे दांडे भरभराटीच्या काळातही होतेच. म्हणून तर मोठी जहाजे नदीत न शिरता उत्तरेला सुवालीजवळ नांगरत आणि माल तेथून शहरात आणला जाई. इंग्रजांनी १६१३ मध्ये वखार घातली ती या गैरसोयीसकट. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांकडे बोट दाखवणारेही आहेत (आपल्याकडे जरा जास्तच). पण त्या तडाख्यांनंतरही पेठ सावरली. १७१८ साली वारलेल्या सुरतेच्या मुल्ला अब्दुल गफूर या व्यापाऱ्याच्या मालकीची डझनावर जहाजे होती. घसरण लागली ती त्यानंतर. १७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतले आणि इराणचा बाजार कोसळला. इकडे मुघल अंमल ढिला पडून आग्रा-अहमदाबादकडचे रस्ते धोक्याचे झाले, त्यात गुजरातेतील मराठ्यांच्या चौथाईचाही वाटा होता. बंदराला माल पुरवणारा मुलूखच तुटत गेला.

मुंबईने सुरत मारली, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने मुख्य ठाणे १६८७ मध्येच मुंबईला हलवले हे खरे. पण त्यानंतरही कित्येक वर्षे सुरतेची उलाढाल मुंबईपेक्षा मोठी होती. पारशी, वाणी आणि त्यांचे भांडवल मुंबईने मोठ्या प्रमाणात ओढले, ते सुरत खिळखिळी झाल्यावर. गाळ खरोखर नडला तो एकोणिसाव्या शतकात, जहाजे मोठी होऊन खोल पाणी मागू लागली तेव्हा. तोवर दर्यावरचा मोठा व्यापार मुंबईला गेलेला होता.